घाटावरचे दीप आणि कोनियाचे पंप

(नदी आणि नगरपालिका या विषयावरील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



महाराष्ट्रातील कुटुंबांचे काशीशी असलेले नाते आजकालचे नाही. पेशवाईत तेथे स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांचे वाडे दुर्गाघाट, ब्रह्माघाट परिसरात आहेत. विश्वनाथाचे मंदिर 1780 मध्ये पुन्हा उभे केले ते पुण्यश्लोक अहल्यादेवी होळकरांनी. भोसले, शिंदे या घराण्यांची नावे घाटांना आहेत. काशीयात्रा करून परतलेल्या माणसाने तांब्याच्या गडूत गंगा आणावी, गंगापूजन करावे, मावंदे घालावे आणि तो गडू देवघरात जपून ठेवावा, ही आपल्या घराघरांतील रीत होती. कुटुंबातील कोणाची अखेरची घटका आली की त्याच गडूतील दोन थेंब मुखात पडत.

आजही सायंकाळी दशाश्वमेध घाटावर आरतीचे दीप उजळतात आणि हजारो हात आपोआप जोडले जातात. मात्र त्या घाटापासून हाकेच्या अंतरावर राजेंद्रप्रसाद घाटावर एक उदंचन केंद्र आहे. हरिश्चंद्र घाटावर दुसरे आहे. मानसरोवर, जलासेन आणि त्रिलोचन येथेही आहेत. उदंचन केंद्र म्हणजे नेहमीच्या बोलण्यातले पंपिंग स्टेशन. घाटाकडे उतरणारे मैलापाणी अडवून ते वर चढवायचे आणि शहराच्या मुख्य वाहिनीत ढकलायचे, हे त्याचे काम. ती वाहिनी कोनिया येथे जाते. तेथील मोठे पंप ते पाणी उचलून वरुणा नदीपलीकडे दीनापूरच्या शुद्धीकरण केंद्रात धाडतात. यात्रेकरू या केंद्रांकडे पाहत नाही, आणि त्याने पाहावे असे त्यांत काही नाहीही. पण त्याच्या ओंजळीत येणारे पाणी कसे असेल, हे या पंपांवर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे.

एक महंत, एक अभियंता

या पंपांची कथा सांगायची तर वीरभद्र मिश्र यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. काशीच्या संकटमोचन मंदिराचे ते महंत. वडिलांच्या निधनानंतर कोवळ्या वयातच ही गादी त्यांच्याकडे आली. गोस्वामी तुलसीदासांचे वास्तव्य ज्या तुलसीघाटावर होते, तेथेच त्यांचे घर. त्या घराण्यातून आधुनिक विद्यापीठात शिकायला गेलेले ते पहिलेच. काशी हिंदू विद्यापीठात ते जलाभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले, स्थापत्य विभागाचे प्रमुख झाले. पहाटे गंगेत स्नान, मग पूजा आणि त्यानंतर वर्गात द्रवगतीचे समीकरण, असा त्यांचा दिनक्रम असे. एकाच मनुष्याच्या ठायी या दोन गोष्टी नांदल्या म्हणूनच पुढचे कार्य घडले, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. केवळ भाविकाला पाण्यातील जंतूंची गणती करण्याचे सुचले नसते. केवळ अभियंत्याला ती गणती काळजाला लागली नसती.

1982 मध्ये त्यांनी संकटमोचन फाउंडेशन स्थापन केले. पुढे तुलसीघाटावरच पाणी तपासण्याची प्रयोगशाळा उभी राहिली. गंगेचे पाणी घाटाघाटांवरून घेऊन त्याच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवणारी ही लोकांची स्वतःची प्रयोगशाळा. सरकारी अहवालाला उत्तर द्यायचे तर ते आकड्यांनीच द्यावे लागते, हे त्यांनी फार लवकर ओळखले होते.

लोकांशी बोलण्याची त्यांची रीतही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. गंगा प्रदूषित झाली आहे, असे सांगितले की काशीचा साधा माणूस दुखावतो. जी सर्वांना पावन करते ती स्वतः अपवित्र कशी होईल, असा त्याचा प्रश्न असतो, आणि श्रद्धेच्या पातळीवर तो प्रश्न चुकीचा म्हणता येत नाही. मिश्रजी त्याला वादात हरवीत नसत. त्याला गंगेत कोसळणाऱ्या नाल्याच्या तोंडाशी न्यावे आणि आपल्या मातेचा हा अनादर पाहा, असे म्हणावे, म्हणजे त्याला सर्व उमगते, असे ते सांगत. पावित्र्य आणि स्वच्छता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. माता पवित्र आहे म्हणून तिच्या अंगावर घाण टाकण्याची मुभा मिळत नाही. आपल्या शास्त्रकारांनीही गंगातीरी मलविसर्जन, चूळ भरणे, निर्माल्य टाकणे ही कर्मे निषिद्ध ठरविली आहेत. हा निषेध व्यक्तीला होता. आज घाण टाकतो तो मुख्यतः नगरपालिकेचा नाला, आणि त्या नाल्याला जोडलेले आपण सगळे.

1986 ची योजना आणि तिची मेख

गंगा कृती योजनेचा प्रारंभ 14 जून 1986 रोजी काशीतच झाला. पंतप्रधान राजीव गांधी त्यासाठी आले होते. उत्तर प्रदेश, बिहार आणि पश्चिम बंगाल येथील 25 शहरे पहिल्या टप्प्यात घेतली गेली, 261 कामे ठरली. या शहरांतून रोज 1,340 दशलक्ष लिटर मैलापाणी निघते असे गृहीत धरून त्यांपैकी 882 दशलक्ष लिटर अडवून शुद्ध करण्याचे उद्दिष्ट होते. म्हणजे सर्व कामे पूर्ण झाली असती, सर्व यंत्रे अहोरात्र चालली असती, तरीही एक तृतीयांशाहून अधिक पाणी तसेच नदीत जाणार, हे कागदावरच ठरलेले होते. त्यातही लोकसंख्या त्या कागदासाठी थांबणार नव्हती.

काशीच्या वाट्याला तीन केंद्रे आली. दीनापूर येथे 80 दशलक्ष लिटरचे, भगवानपूर येथे 8 चे आणि डिझेल इंजिन कारखान्याच्या वसाहतीत 12 चे. दीनापूरचे तंत्र आज देशभर सर्वांच्या परिचयाचे आहे. पाणी प्रथम जाळ्यांतून जाते. कापड, प्लास्टिक, काड्या तेथे अडतात. मग वाळू खाली बसते. त्यानंतर मोठ्या टाकीत हवा मिसळून सूक्ष्म जीवाणूंना पोसले जाते. ते पाण्यातील सेंद्रिय घाण खातात, त्यांचा गाळ बनतो, तो खाली बसतो आणि वरचे निवळ पाणी बाहेर जाते. निसर्ग नदीत जे काम काही दिवसांत करतो, ते येथे काही तासांत उरकले जाते.

आता यातील मेख पाहा. हवा मिसळायला वीज लागते. त्याआधी पाणी उचलायलाही वीज लागते. 1990 नंतरच्या दशकातील उत्तर प्रदेशातील विजेची स्थिती ज्यांनी अनुभवली असेल त्यांना पुढचे सांगायला नको. वीज गेली की घाटावरचे पंप थांबत. पंप थांबले की पाणी थांबत नाही, शहरातील माणसे नळ बंद करून बसत नाहीत. ते पाणी एक तर गंगेत उतरे किंवा उलट फिरून गल्लीबोळांतील चेंबरमधून वर येई. पावसाळ्यात नदी चढली की उदंचन केंद्रे बंदच ठेवावी लागत. केंद्र बांधण्याचा खर्च केंद्र शासनाने दिला होता, चालविण्याचा भार मात्र राज्यावर आणि स्थानिक संस्थांवर होता. कोनशिला बसविण्यासाठी पैसा मिळतो, विजेचे देयक भरण्यासाठी मिळत नाही, हा आपल्या सार्वजनिक जीवनातला जुना अनुभव तेथेही आला.

मेख आणखी एक होती आणि ती अधिक सूक्ष्म आहे. समजा, वीज गेलीच नाही. केंद्र उत्तम चालले. मग काय? कच्च्या मैलापाण्याच्या 100 मिलिलिटरमध्ये, म्हणजे अर्ध्या पेल्यात, विष्ठाजन्य कोलिफॉर्म जीवाणूंची संख्या सर्वसाधारणपणे एक कोटीच्या घरात असते. वर सांगितलेल्या तंत्राने त्यांतले शंभरातील नव्याण्णव नाहीसे होतात. शाळेच्या परीक्षेत 99 गुण मिळाले तर आपण पेढे वाटू. येथे एक कोटीतील 99 टक्के गेले की उरतात एक लाख. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने स्नानाच्या पाण्यासाठी ठरविलेली कमाल मर्यादा आहे 2,500, आणि इष्ट प्रमाण आहे 500. अर्थात पूर्ण शुद्ध झालेले म्हणून जे पाणी बाहेर पडते, ते स्नानाच्या मर्यादेच्या चाळीस पट असते. त्यावर क्लोरीनची किंवा तत्सम निर्जंतुकीकरणाची प्रक्रिया झाली नाही, तर काळा रंग जातो, दुर्गंधी जाते, पण कावीळ आणि विषमज्वर जात नाहीत. मिश्रजी हाच मुद्दा वर्षानुवर्षे मांडत राहिले. योजनेच्या यशाचे मोजमाप प्राणवायूच्या आकड्यावर होत होते. स्नान करणाऱ्याचा प्रश्न जीवाणूंचा होता.

त्यांचा पर्यायही होता. नदीच्या काठाने गुरुत्वाने वाहणारी वाहिनी टाकावी, पंपाची गरजच पडू नये. सारे मैलापाणी घाटांच्या खालच्या अंगाला, शहराबाहेर न्यावे आणि तेथे खोल व उथळ तळ्यांच्या मालिकेत ते सोडावे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील विल्यम ओस्वाल्ड यांनी विकसित केलेली ही पद्धत. शैवाल सूर्यप्रकाशात प्राणवायू निर्माण करते, म्हणून हवा मिसळणारी यंत्रे फारशी लागत नाहीत. पाणी तळ्यांत अनेक दिवस राहते, त्यामुळे रोगजंतू आपोआप मरतात. ज्या देशात ऊन मुबलक आणि वीज बेभरवशाची, त्या देशाला हे साजेसे आहे, असा त्यांचा युक्तिवाद. 74 व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना अधिकार दिल्यानंतर वाराणसीच्या लोकनियुक्त महापालिकेने या योजनेच्या बाजूने ठरावही केला. तरी मूळ कल्पनेतल्या रूपात ती उभी राहिली नाही. शासनाच्या अभियंत्यांचे आक्षेप सगळेच पोकळ होते असेही नाही. तळ्यांना जमीन फार लागते, आणि वाढत्या शहराच्या कडेला जमीन ही विजेपेक्षाही दुर्मिळ वस्तू आहे. मिश्रजी मार्च 2013 मध्ये गेले. त्यांचे पुत्र विश्वंभरनाथ मिश्र आज महंत आहेत आणि तेही तेथील तंत्रविद्यापीठात प्राध्यापक आहेत.

चालविण्याचे पैसे

2014 नंतरच्या नमामि गंगे कार्यक्रमात या अनुभवातून काही धडे घेतले गेले, हे नमूद करणे न्यायाचे होईल. कानपूरचा सिसामऊ नाला रोज सुमारे 14 कोटी लिटर मैला गंगेत ओतत असे. तो 2018 मध्ये वळविण्यात आला. काशीत दीनापूरचे नवे 140 दशलक्ष लिटरचे केंद्र त्याच वर्षी सुरू झाले. गोइठा येथे 120 चे आणि रमना येथे 50 चे केंद्र उभे राहिले. भगवानपूर येथे आणखी 55 दशलक्ष लिटरच्या केंद्राची पायाभरणी 2023 मध्ये झाली.

पण या सर्वांत महत्त्वाचा बदल विटा-सिमेंटचा नव्हता, कराराच्या मसुद्यातला होता. रमना आणि हरिद्वारचे जगजीतपूर येथील केंद्रांसाठी 2017 मध्ये नव्या पद्धतीचे करार झाले. बांधणाऱ्याला बांधकामाच्या काळात भांडवली खर्चाचे 40 टक्केच मिळतात. उरलेले 60 टक्के पुढील 15 वर्षांत हप्त्याहप्त्याने, आणि तेही बाहेर पडणारे पाणी ठरलेल्या कसोटीला उतरले तर. फीत कापली, हार घातले आणि ठेकेदार गावाला गेला, असे येथे होऊ शकत नाही. केंद्र बंद पडले तर त्याचाच पैसा अडकतो. हे कलम वाचायला नीरस आहे. त्याचे कोणी स्वागतगीत गात नाही. पण नदीच्या दृष्टीने ते अनेक भाषणांहून मोलाचे आहे.

तरीही काम संपले असे नाही. वरुणापारच्या भागात मुख्य वाहिन्या आधी पडल्या आणि घरजोडण्या मागाहून होत गेल्या. घराचे पाणी वाहिनीला मिळालेच नाही, तर पलीकडचे केंद्र कितीही आधुनिक असो, ते अर्धपोटी राहते आणि नाला भरून वाहतो. मोजणीचा प्रश्नही मिटलेला नाही. प्रयागराजच्या महाकुंभात फेब्रुवारी 2025 मध्ये केंद्रीय मंडळाने राष्ट्रीय हरित लवादापुढे ठेवलेल्या अहवालात जानेवारीतील विविध दिवशी जीवाणूंचे प्रमाण स्नानाच्या मर्यादेबाहेर आढळल्याचे म्हटले. राज्य शासनाने ते मान्य केले नाही. पुढे मंडळाच्याच दुसऱ्या अहवालात सांख्यिकीय विश्लेषणाच्या आधारे पाणी स्नानयोग्य ठरविले गेले. कोट्यवधी श्रद्धाळूंच्या पर्वात हा वाद आकड्यांच्या अर्थावरून रंगावा, हे कोणालाच भूषणावह नव्हते. आकडे रोजच्या रोज घाटावर फलकावर लागले असते, तर वादाला जागाच उरली नसती.

गोदातीरी

आता आपल्या अंगणात येऊ. आपल्या प्रत्येकाला नगरपालिका जे पाणी देते ते 135 लिटर धरले, तर त्यांतले 80 टक्के गटारात जाते. चार माणसांच्या कुटुंबाचे रोज साधारण 430 लिटर. केंद्रीय मंडळाच्या 2021 च्या पाहणीनुसार देशातील शहरांत रोज 72,368 दशलक्ष लिटर मैलापाणी निघत होते. उभारलेली क्षमता होती 31,841, आणि प्रत्यक्षात शुद्ध होत होते 20,235. महाराष्ट्राचे आकडे निघणाऱ्या पाण्याचे 9,107, क्षमतेचे 6,890 आणि प्रत्यक्ष शुद्ध होणाऱ्याचे 4,242. क्षमता आणि प्रत्यक्ष यांतील हे अंतर नीट पाहावे. ती यंत्रे बांधलेली आहेत. त्यांवर जनतेचा पैसा खर्च झालेला आहे. तरी पाणी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही किंवा पोहोचले तरी यंत्र चालत नाही. प्रदूषित नदीपट्ट्यांच्या 2022 च्या यादीत देशात 311 पट्टे होते आणि त्यांत सर्वाधिक, 55, महाराष्ट्राचे. संतांच्या पालख्या ज्या इंद्रायणीकाठून निघतात आणि ज्या चंद्रभागेत वारकरी स्नान करतो, त्या नद्यांच्या प्रदेशाला हा मान मिळावा!

नाशिकचा विचार तर अधिक निकडीचा आहे. सिंहस्थाच्या ध्वजारोहणासाठी 31 ऑक्टोबर 2026 हा दिवस जाहीर झालेला आहे आणि मुख्य स्नाने 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत. म्हणजे भर पावसाळ्यात. पावसाचे पाणी मलवाहिन्यांत शिरते, चेंबर उफाळतात, नासर्डी आणि वाघाडी फुगतात आणि जे काही नाल्यात आहे ते गोदावरीत येते. काशीला पावसाळ्यात पंप बंद ठेवावे लागत ही अडचण होती. नाशिकचे पर्वच पावसाळ्यात आहे. तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक येथे शुद्धीकरण केंद्रे आहेत. गोदावरीच्या प्रदूषणाचे प्रकरण 2012 पासून मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेले आहे. आणि शहराने खाली सोडलेले पाणी जाते कोठे? ते नांदूरमध्यमेश्वराला जाते, जे 2020 मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र म्हणून घोषित झाले. देशोदेशींचे पक्षी तेथे उतरतात. वाटेतल्या गावांना पाणवेलींनी झाकलेले पात्र पाहावे लागते. रामकुंडावर स्नान करणारा एक दिवस येतो, नदीकाठच्या गावाला मात्र ते पाणी वर्षभर वापरायचे असते.

मग येथे बसलेल्यांनी काय करावे? घाट झाडण्याच्या मोहिमा होतात, निर्माल्यकलश ठेवले जातात, हे चांगलेच आहे आणि त्यात आपले तरुण पुढे असतात. पण घाट झाडणे एका रविवारचे काम आहे आणि मैलापाणी आठवड्याचे सातही दिवस येते. ज्या निष्ठेने सकाळी शाखेची वेळ पाळली जाते, त्याच निष्ठेने आपल्या गावच्या शुद्धीकरण केंद्राची चौकशी महिन्यातून एकदा करणारे चार जण प्रत्येक नगरपालिकेत निघाले पाहिजेत. त्यासाठी अभियंता असण्याची आवश्यकता नाही. केंद्रात रोज किती पाणी आले, क्षमता किती, वीज किती तास नव्हती आणि त्या वेळी जनित्र चालले का, क्लोरीन संपले तेव्हा काय केले, बाहेर पडणाऱ्या पाण्यात कोलिफॉर्म किती, एवढेच विचारायचे. अंदाजपत्रकाच्या सभेत नवीन केंद्रासाठी किती तरतूद, हे सगळेच विचारतात. जुने केंद्र चालविण्यासाठी किती, हे विचारणारा नगरसेवक विरळा. आपल्या घराची जोडणी भुयारी गटाराला आहे की मागच्या ओढ्याला, हेही एकदा आपापल्या सोसायटीत पाहून घ्यावे. काही जणांना उत्तर अडचणीचे वाटेल.

ही माहिती कोणी गुप्त ठेवू शकत नाही. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली नोंदी प्रत्यक्ष पाहण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. प्रत्येक उदंचन केंद्रावर पाळीप्रमाणे नोंदवही असायला हवी. कोणता पंप केव्हा सुरू झाला, केव्हा बंद पडला, त्या पाळीला कोण होते, हे त्यात लिहिलेले असते. पहिल्या भेटीत तीच मागावी, आणि पाने मागची, पावसाळ्यातली उलटावी.